शेषशायीच्या गावाला, रमतगमत

एकट्याने थायलंडला निघालेल्या मराठी पुरुषाकडे शेजारी एका विशिष्ट नजरेने बघतात. ती चुकवायला पुण्याच्या एका निवृत्त काकांनी कार्यक्रमातून पट्टाया खोडलं आणि "आम्ही देवळं बघायला चाललोय," असं सोसायटीत जाहीर केलं. कुणाचाही विश्वास बसला नाही. काकूंचं तिकीट निघालं तेव्हा थोडा बसला.

थायलंडमध्ये वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात. काकांनी आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढला, बँकॉकला भाड्याची गाडी घेतली आणि कोरातचा रस्ता धरला. निवांत जायचं ठरलं होतं, पण पुण्याच्या रहदारीत मुरलेला हात हॉर्नवर गेलाच. पुढच्याने गाडी बाजूला घेतली, उतरला आणि काही मदत हवी का, असं खुणेने विचारलं. त्यानंतर काकांचा हात स्टिअरिंगवरच राहिला.

तिथले हमरस्त्यावरचे पेट्रोल पंप हे स्वतंत्र प्रेक्षणीय स्थळ आहे. कॉफी, दुकान, झाडं आणि लखलखीत स्वच्छतागृह. देवळांच्या यादीत काकूंनी याची भर घातली. पंपाच्या पावतीवर साल होतं २५६८, कारण थाई बुद्ध संवत आपल्या इसवीपेक्षा ५४३ वर्षं पुढे आहे. "म्हणजे तुमचं पेन्शन केव्हाच बंद झालं," काकू म्हणाल्या.

पहिला मुक्काम फिमाई. अकराव्या-बाराव्या शतकातलं हे ख्मेर देऊळ महायान बौद्धांचं, पण बाहेर कोरीवकामात नाचणारा शिव आणि रामायणही आहे. काकांनी त्याला आघाडी सरकार म्हणून मान्यता दिली. तोंडही पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. त्या दिशेला ख्मेरांची राजधानी अंकोर. दरबारी माणसाला दिल्ली कुठे आहे ते ठाऊक असावं लागतं.

खाण्याचा प्रश्न मासळीच्या सॉसने अवघड केला होता. तो 'जे' जेवणाने सुटला. लाल अक्षरांचा पिवळा झेंडा दिसला की तिथे मांस, मासे नाहीतच, वर कांदा-लसूणही नाही. परदेशात चातुर्मास आयता पाळला गेल्याने काकू प्रसन्न. काकांचं म्हणणं नोंदवलेलं नाही.

या वाटेवरचं खरं वैभव म्हणजे बुरिराम प्रांतातलं फनोम रुंग. विझलेल्या ज्वालामुखीच्या माथ्यावरचं शिवमंदिर. वर जायला लांबलचक दगडी फरसबंद वाट, दोन्ही कडेला कमळकळ्यांचे खांब आणि पाच फण्यांच्या नागांचे पूल. वर्षातून ठरावीक दिवशी उगवता सूर्य एका रांगेतल्या पंधराही दारांतून आरपार दिसतो. काका-काकू पोचले भर दुपारी बारा वाजता.

मुख्य दारावरच्या पट्टीत शेषशायी विष्णू आहे. नाभीतून कमळ, कमळावर ब्रह्मदेव, पायाशी लक्ष्मी. "नऊशे वर्षं झाली, हिची अजून सुटका नाही," काकू कळवळल्या. ही पट्टी १९६०च्या दशकात चोरीला गेली आणि पुढे थेट शिकागोच्या कलासंग्रहालयात सापडली. थायलंडमध्ये मोर्चे निघाले, काराबाओ या लोकप्रिय बँडने गाणं केलं आणि १९८८ साली देव घरी परतले. पायथ्याच्या मुआंग ताम देवळात तळ्यांच्या काठावर दगडी नाग अंग पसरून पडलेले आहेत. गर्दी म्हणाल तर एक शाळेची सहल.

शेवटी सिसाकेत. खून हान तालुक्यात भिक्षूंनी १९८४पासून बाटल्या गोळा करून विहार उभा केला आहे. हिरव्या हायनेकेनच्या, तपकिरी चांगच्या, दहा लाखांहून जास्त बाटल्या. भिंती, छप्पर, पाण्याची टाकी, सगळं बाटल्यांचं आणि बुचांची बुद्धचित्रं. काका बराच वेळ भक्तिभावाने उभे होते. "फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकू नका," एवढंच काकू म्हणाल्या.

जाणाऱ्यांनी एक मात्र करावं. बुरिराम, सुरिन, सिसाकेत हे तिन्ही प्रांत कंबोडियाला लागून आहेत आणि जुलै २०२५मध्ये त्या सीमेवर तोफा धडाडल्या. वादाचं एक कारण सरहद्दीवरची ख्मेर देवळंच. तेव्हा गाडी ठरवण्याआधी परराष्ट्र मंत्रालयाच्या सूचना वाचा. फिमाई मात्र सीमेपासून बरंच आत आहे. तिथूनच सुरुवात करा.