भरती, खाली, निव्वळ

लोहाऱ्यात कुणी गाडी घेतली की पहिला प्रश्न ठरलेला असतो : किती जण बसतात? सात सांगितले की विचारणाऱ्याच्या डोक्यात अकरा येतात, आणि लग्नसराईत ते अकरा खरेही ठरतात. दुसरा प्रश्न ॲव्हरेजचा. तिसरा, मागे खताच्या किती बॅगा मावतील. यवतमाळला खेटून असलेलं आमचं गाव. एका अंगाला एमआयडीसी, दुसऱ्या अंगाला कापसा-तुरीची वावरं. गाडी म्हणजे वाहून नेण्याची वस्तू, हे आमच्या हाडात मुरलेलं आहे. जी काही नेत नाही ती गाडी कसली!

म्हणून दिवाळीला पुण्याहून आलेला भाचा ओसरीवर बसून म्हणाला, "मामा, मले साडेचारशे किलोची गाडी पायजे," तेव्हा मी लगेच हिशेब मांडला. एवढ्या मालाला छोटा टेम्पोसुद्धा पुष्कळ झाला.

"नेणारी नाही मामा. गाडीचंच वजन साडेचारशे."

"अन् माल?"

"मी."

मग त्याने मोबाईलवर फोटो दाखवला. दोन माणसांपुरती जागा, दार नाही, छप्पर नाही, पुढची चाकं अंगाबाहेर आलेली, जशी एखाद्या किडकिडीत पोराची ढोपरं. ताईने चष्मा लावून नीट पाहिलं आणि विचारलं, "अजून बनून ऱ्हायली का हे?" बनून झालेली आहे, अशीच असते, असं त्याने सांगितलं. मग किंमत सांगितली, जकात न धरता. ताई उठता उठता म्हणाली, "एवढ्या पैशात दारं तं द्याले पायजे होती."

भाच्याचा बेत सरळ होता. वर्षातून चार-दोन वेळा चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या किंवा कोइंबतूरच्या ट्रॅकवर जायचं, पैसे भरून दिवसभर मोकळी गाडी हाणायची, आणि कुठे डोंगरचढणीची शर्यत असेल तर तिथे एकट्याने घड्याळाशी लढायचं. त्यासाठी ताकदवान गाडी नको, हलकी हवी. ही विद्या इंग्लंडच्या कॉलिन चॅपमनची. त्याने १९५७ मध्ये 'लोटस सेव्हन' नावाची गाडी काढली. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की, ताकद वाढवली तर सरळ रस्त्यावर फायदा; वजन घटवलं तर वळण, चढ, ब्रेक, सगळीकडे फायदा. १९७३ मध्ये ती गाडी 'केटरहॅम'कडे गेली आणि अजून बनते आहे. तिचा 'सेव्हन १७०' हा नमुना ४४० किलोचा. इंजिन सुझुकीचं, तीन सिलिंडर, ६६० सीसी, ८४ अश्वशक्ती. सुझुकीचं नाव ऐकून मला जरा धीर आला. पार्ट तरी मिळतील.

४४० किलो म्हणजे एका भरल्या अंगाच्या गवळाऊ बैलाइतकं. एका बैलाच्या वजनात अख्खी गाडी! हा हिशेब मनात आला आणि आबाजी आठवले. कारण हलकी गाडी निवडणारा माणूस आमच्या घरात भाच्याच्या आधी एक होऊन गेला होता.

आबाजींच्या गोठ्यात तीन वाहनं. कापसाला बंडी, पाहुण्यांना दमणी आणि पटाला छकडा. पट म्हणजे शंकरपट. पुण्याकडचे लोक ज्याला बैलगाडा शर्यत म्हणतात त्याचं आमचं वऱ्हाडी रूप. कापूस घरात आला, तूर उभी आहे, थंडी अंगात आहे, अशा दिवसांत गावोगाव पट भरतो. शेजारी-शेजारी दोन पट्ट्या, दोन जोड्या सुटतात, आणि सेकंदाच्या तुकड्यावर निकाल लागतो. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा पट मोठा नावाजलेला. तिकडून जिंकून आलेल्या जोडीची किंमत ट्रॅक्टरच्या भाषेत सांगतात.

पटाचा छकडा म्हणजे दोन चाकं, मधे आस, पुढे दांडी आणि धुरकऱ्याला, म्हणजे हाकणाऱ्याला, बूड टेकायला पाटाएवढी जागा. बाकी काही नाही. छकडा पाहायला गेले की आबाजी आधी बोलत नसत, वाकून उचलून पाहत. त्यांचा नियम असा : एका हातानं उचलला तर पटाचा, दोन हातांनी उचलला तर लग्नाचा, उचललाच नाही तर कापसाचा. मग बोटाच्या पेरांनी लाकूड वाजवायचं. दांडीला तिवस आहे का, आसाला धावडा आहे का. धावड्याचं लाकूड इतकं चिवट की इंग्रजांनी त्या झाडाचं नावच 'आसाचं लाकूड' असं ठेवून दिलं. सुताराने बाभळीचा जाडजूड आस पुढे केला की आबाजी म्हणत, "हा तुह्या सासऱ्याच्या बंडीले लाव."

पण त्यांचा खरा जीव चाकात. मला एकदा ते धाव बसवताना पाहायला घेऊन गेले होते. गावाच्या नावातच लोहार आहे, तेव्हा ते काम पाहायला लांब जावं लागलं नाही. चाकाच्या घेरापेक्षा लोखंडी धाव बोटभर कमी ठेवलेली. गोवऱ्यांचा गोल रचून त्यात ती तापवत ठेवली. काळी, मग तांबडी, मग नारिंगी. दोघांनी चिमट्यांनी उचलून चाकावर बसवली, लाकडाने लगेच धूर काढला, आणि तिसऱ्याने बादल्या ओतायला सुरुवात केली. वाफेत काही दिसेना. फक्त आवाज : लोखंड आकसतंय, आरे तुंब्यात घुसतायत, सगळं चाक कण्हतंय. वाफ विरली तेव्हा मघापर्यंत खुळखुळणारं चाक एकजीव झालं होतं. आबाजींनी ते जमिनीवर सोडलं, घरंगळू दिलं आणि ते पडेपर्यंत बघत राहिले. "धाव अजून बारीक कर," एवढंच म्हणाले. लोहार कुरकुरला, बारीक धाव दोन पटांत झिजेल. आबाजी म्हणाले, "झिजू दे. काठावरचं लोखंड बैलाले डब्बल लागते."

हे वाक्य मी चाळीस वर्षं आबाजींची एक सणक म्हणून सांभाळलं होतं. भाच्याला सांगितलं तर तो ताडकन उठून बसला. "मामा, बरोबर डब्बलच!" चाकाच्या काठावरचं वजन पुढेही जातं आणि गरगरतही असतं, म्हणून वेग घेताना काठावरचा एक किलो दोन किलोंसारखा वागतो, असं त्याने कागदावर मांडून दाखवलं. रेसिंगवाले हलक्या रिंगांसाठी वेडे होतात ते यापायी. आबाजी चौथी शिकलेले. त्यांनी हे बैलांना विचारलं असावं.

मधे पटाला मोठा खंड पडला. ७ मे २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. छकडे माळ्यावर गेले, काहींच्या चाकांची हॉटेलांत झुंबरं झाली. १६ डिसेंबर २०२१ ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. अटींमध्ये बैलाला मारझोड नाही, टोचणं नाही. मला ते पटतं. तुतारी, म्हणजे टोकदार काठी, टोचून पळवलेल्या बैलाचं श्रेय बैलाचं नसतं, आणि धुरकऱ्याचं तर मुळीच नसतं. आबाजी तुतारी नुसती काखेत धरत, सासरी जाताना छत्री धरावी तशी.

एक गोष्ट मात्र मी भाच्याला सांगितली नाही. चौदाव्या वर्षी मला धुरकरी व्हायचं होतं. आबाजींनी मला काही न बोलता कापसाच्या काट्याशी नेलं, पारड्यात बसवलं, दुसऱ्या पारड्यात वजनं टाकली, आणि वजनं संपली तेव्हा म्हणाले, "तुले घेतलं तं बैलं म्हणतील, बंडीलेच जुंपा." धुरकरी म्हणून शेजारचा एक काडीपैलवान गेला. त्याला साधी ढालही मिळाली नाही, पण गेला तोच.

"पट हा झाला ट्रॅक," भाचा म्हणाला. "आता चढण." आणि त्यासाठी त्याला इंग्लंडला जावं लागलं नाही, चाकणपर्यंत पुरलं. खेड, जुन्नर, आंबेगावकडे बैलगाड्याच्या धावपट्टीला 'घाट' म्हणतात, आणि तो खरोखरच चढाचा असतो. एका वेळी एकच गाडा, समोर घड्याळ, पुढे पळणारी घोडी, मागे चार बैल, आणि 'भिर्रर्र'चा गजर. तिकडे इंग्लंडात शेल्सली वॉल्श म्हणून एक टेकडी आहे. तिथे १९०५ पासून गाड्या एकेक करून वर पळवतात; रस्ता १,००० यार्डांचा, म्हणजे ९१४ मीटर, आणि सगळ्यात वेगवान गाड्या तो तेवीस सेकंदांच्या आत संपवतात. आपल्या नियमांतही बैलगाड्याच्या धावपट्टीला १,००० मीटरची मर्यादा. दोन्हीकडे तोच चढ, तेच घड्याळ, आणि खाली उभं राहून "आमच्या वेळी याहून जोरात जात" म्हणणारे तेच म्हातारे.

फरक एकच. घाटातल्या गाड्यावर माणूस बसत नाही. चॅपमनने दारं काढली, छप्पर काढलं, गालिचा काढला. मंचरच्या शेतकऱ्याने थेट चालकच काढला. वजन घटवण्यात याच्या पुढे कुणी जाईल असं वाटत नाही. आता अमेरिकेत विनाचालक गाड्या निघाल्या म्हणून आपण पेपरात वाचतो.

केटरहॅम अर्थातच आली नाही. जकात आणि नोंदणीची चौकशी करून भाचा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्याने कोइंबतूरच्या करिवर्धन यांचं नाव काढलं. करिवर्धन यांनी मारुती ८०० चं इंजिन घेऊन एका माणसाची रेसिंग गाडी बनवली, फॉर्म्युला मारुती. पुढे फॉर्म्युला वनपर्यंत पोचलेल्या नारायण कार्तिकेयनची सुरुवात याच गाडीत झाली. म्हणजे भाजी आणायला जाणाऱ्या इंजिनात तेवढा दम होता. नडत होती ती भोवतीची गाडी.

आणि मारुती ८०० तर गल्लोगल्ली. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली गाडी गिऱ्हाइकाच्या हाती पडली, २०१४ ला उत्पादन थांबलं. ७९६ सीसी, वजन जेमतेम साडेसहाशे किलो. दारव्ह्याच्या एका निवृत्त गुरुजींकडे पांढरी, कव्हर घातलेली, तीस वर्षांत चाळीसच्या पुढे न गेलेली मिळाली. गुरुजींनी चावी देताना बजावलं, "जपून चालवा, तिला घाई आवडत नाही."

चार दिवस अंगणात सोलणं चाललं. मागची सीट निघाली. ती ताईने ओसरीवर सोफा म्हणून ठेवून घेतली. गालिचा, छताचं अस्तर, स्टेपनी, जॅक, हीटर, दारांची आतली पुठ्ठी, पुढची डावी सीट. सीटखाली सापडलं ते असं : चार टिकल्या, एक रुपया, सातबाऱ्याची झेरॉक्स आणि १९९८ सालची एक लग्नपत्रिका, जिच्यातल्या लग्नाला जायचं बहुधा राहून गेलं असावं. भाचा प्रत्येक वस्तू घरच्या वजनकाट्यावर ठेवून वहीत लिहायचा. गाडीत भरणं किती सोपं असतं आणि काढायला प्रत्येक वस्तूशी कसं भांडावं लागतं, ते मी पाण्याचा तांब्या घेऊन बघत होतो. वर रेसला लोखंडी पायपांचा पिंजरा सक्तीचा. चार दिवसांत काढलेल्यातले तीस-चाळीस किलो परत आत यायचेच होते. तरी वहीतली बेरीज नव्वदवर गेली आणि भाच्याच्या चेहऱ्यावर मला आबाजी दिसले.

पक्कं वजन करायला आम्ही मोठ्या काट्यावर गेलो. जिनिंगचा हंगाम, कापसाच्या गाड्यांची रांग. भाचा एकुलत्या सीटवर, मी शेजारी पोत्यावर उकिडवा. दोन भरल्या मेटॅडोरच्या मधे आमचं हे सोललेलं चिंगाट उभं राहिलं तेव्हा काट्यावरच्या पोराने खिडकीतून मान बाहेर काढली.

"भरती का खाली?"

"खालीच," भाचा म्हणाला.

आकडा आला ७२०. भाचा पाहतच राहिला. साडेसहाशेची गाडी, नव्वद काढले, आणि आकडा चढला कसा? त्याने वही उघडली, वही मिटली, मग हळूच माझ्याकडे पाहिलं. "मामा, जरा उतरता का?"

मी उतरलो. काट्यावरून चार पावलं लांब जाऊन उभा राहिलो. आकडा आला ६२०. गाडी पाचशे साठ, भाचा साठ. वहीतला एकूण एक किलो बरोबर होता. भाचा माझ्याकडे न पाहता स्टिअरिंग पुसत बसला.

पोराने मात्र दोन वजनं पाहिली आणि सवयीप्रमाणे आधीचं भरती, नंतरचं खाली असं दाबून टाकलं. "माल काय लिहू?" त्याने विचारलं. आम्ही दोघंही काही बोललो नाही. त्याने गाडीकडे एकदा पाहिलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि चिठ्ठी सरकवली.

भरती ७२०. खाली ६२०. निव्वळ १०० किलो. माल : भंगार.

काट्याचे पन्नास रुपये मीच दिले.