आज पाणी ना

27 ऑगस्टला सकाळी साडेसहाला दुधाची पिशवी घेऊन जिना चढताना मला कळलं, की 1896 साली याच दिवशी झांझिबारमध्ये जगातलं सगळ्यात छोटं युद्ध झालं. 38 मिनिटांत आटोपलं म्हणे. आणि घरी येऊन तोंडाला साबण लावल्यावर कळलं, की आज पाणी नाही.

तसं पाहिलं तर दोन्ही बातम्या जिन्याखालच्या एकाच फळ्यावर होत्या. झांझिबार सगळ्यात वर, पिवळ्या खडूने. त्याखाली क्रीडाप्रश्न, उत्तर उद्या. मग दुहेरी चौकटीत सुविचार: ‘वेळ कुणासाठी थांबत नाही.’ चौकटीच्या चारही कोपऱ्यांत गुलाबी फुलं, प्रत्येक फुलाला दोन पानं. आणि अगदी तळाला, डस्टरच्या मागे, उजव्या कडेला चिकटून: ‘आज पाणी ना’. पुढच्या ‘ही’ला फळा पुरला नाही.

‘आज पाणी ना’. ही सूचना आहे की लाडिक हट्ट? लहान पोर आजीच्या पदराला झोंबून म्हणतं ना, ‘आज श्रीखंड ना’, तसंच वाटतं. मी डस्टर उचलून मोजलं. एका फुलाच्या जागेत ‘ही’ आरामात बसला असता, वर पूर्णविरामही मावला असता.

सेक्रेटरीकाकांना म्हटलं, ‘‘काका, पाण्याचं जरा वर लिहा की.’’

‘‘अहो, पाणी काय, रोजचंच आहे,’’ काका म्हणाले. ‘‘झांझिबार वर्षातून एकदाच येतं.’’

यावर काय बोलणार? तेवढ्यात पहिल्या मजल्यावरचे आजोबा रिकामी बादली घेऊन खाली आले. मला वाटलं, आता मला साथीदार मिळाला. त्यांनी फळा वाचला, बादली खाली ठेवली आणि म्हणाले, ‘‘38 नाही, 45 मिनिटं.’’ झालं! काका म्हणाले 38, आजोबा म्हणाले 45, तिसऱ्या मजल्यावरच्या बँकवाल्यांनी मोबाइलवर पाहून सांगितलं की दोन्ही आकडे सापडतात, पहिली तोफ कधी धरायची आणि शेवटची कधी, यावर अवलंबून आहे. मग सुलतानाच्या राजवाड्यावरचा झेंडा पडला तेव्हा युद्ध संपलं म्हणायचं, की तोफा थांबल्या तेव्हा, यावर दोन तट पडले. दोन्ही तटांत अंघोळ झालेलं कुणी नव्हतं. आमच्याकडे पाणी येतं तेच मुळी सकाळी 40 मिनिटं. म्हणजे 38 धरली तर तेवढ्यात एक साम्राज्य एक सल्तनत नमवून मोकळं होतं आणि वर दोन बादल्या भरायला वेळ उरतो. हे मी बोलून दाखवलं. कुणी हसलं नाही. आजोबा म्हणाले, ‘‘45 धरा, मग बादल्या उरत नाहीत.’’

क्रीडाप्रश्न होता: ‘बोट चुकेल म्हणून अर्धवट सोडलेली कसोटी कोणती?’ डर्बन, 1939. 3 मार्चला सुरू झाली, 14 मार्चला सोडून दिली. चौथ्या डावात 696 हव्या होत्या, 5 बाद 654 झाल्या, आणि इंग्लंडचा संघ बोट गाठायला निघाला. या कसोटीला मुदत नव्हती. आमच्या टाकीच्या दुरुस्तीलाही नाही. फरक इतकाच, की आमच्या प्लंबरची बोट रोज सुटते.

आता खरं सांगतो, मला दिनविशेषाचा राग नाही. मलाही डर्बन पाठ आहे. पण 1939 साली किती धावा कमी पडल्या ते झोपेतून उठवलं तरी सांगणाऱ्या या माणसांना टाकीचा व्हॉल्व्ह शेवटचा कधी बदलला ते विचारा! रजिस्टर कुठे आहे ते विचारा! देखभाल खर्चात दर महिन्याला ‘खडू व संकीर्ण’ लागतात, व्हॉल्व्ह नाही लागत. मागच्या सभेत मी हा प्रश्न काढला तर उत्तर मिळालं, ‘‘विषयपत्रिकेवर नाही.’’ विषयपत्रिकेवर काय होतं? फळ्याला नवी चौकट. एकमताने मंजूर. एकमतात मीही होतो, कारण तेव्हा चहा आला होता.

शेवटी टँकर आला, दुपारी दीडला. तोवर वेळ सुविचाराप्रमाणे कुणासाठी थांबली नव्हती, मी मात्र ऑफिसचा अर्धा दिवस टाकून टँकरसाठी थांबलो होतो.

आज सकाळी पुन्हा फळा पाहिला. क्रीडाप्रश्नाचं उत्तर आलं होतं, फुलं नवी होती, या वेळी निळी. काकांनी माझं म्हणणं मनावर घेतलेलं दिसलं. पाणी कोपऱ्यातून उचलून थेट वर, दिनविशेषात नेलं होतं, पिवळ्या खडूने, पूर्णविरामासकट: ‘कालच्या दिवशी पाणी आले नव्हते.’