पत्र्याखाली गेलेले पैसे

जुनी जीप बघायला जाताना खिशात पैसे थोडे कमी असले तरी चालतात, लोहचुंबक मात्र हवं. फ्रिजवर चिकटवायचं असतं तेवढंसं पुरतं. ते पत्र्यावरून फिरवत जायचं. टक्कन चिकटलं तर खाली लोखंड आहे, घसरून पडलं तर आधीच्या मालकाने भरलेली लांबी. मी घेतलेल्या जीपच्या डाव्या अंगाला, मागच्या चाकाच्या वर, चुंबक काही केल्या चिकटेना. विकणारा अजिबात न गडबडता म्हणाला, "चुंबक ढिलं झालंय तुमचं."

एवढ्या आत्मविश्वासाच्या माणसाकडून वस्तू घ्यायला मला आवडतं. शिवाय माझ्या बजेटात चुंबक चिकटणारी जीप बसतच नव्हती.

गाडी महिंद्राची एमएम ५४०, पोटात प्यूजोच्या आराखड्याचं २११२ सीसीचं डिझेल इंजिन. आधी एका सरकारी खात्यात, मग ऊसतोडीच्या ठेकेदाराकडे, शेवटी वीटभट्टीवर असा तिचा प्रवास. म्हणजे साहेब, ऊस आणि विटा असा उतरत्या भाजणीचा अनुभव तिच्या गाठीशी होता. वंश मात्र थोर. दुसऱ्या महायुद्धात विलीस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांवर जीप बनवल्या, त्यांची ही पुढची पिढी. फोर्डने तर आपण बनवलेल्या भागांवर, अगदी बोल्टच्या डोक्यावरसुद्धा इंग्रजी 'एफ' अक्षर उठवलं होतं. आजही काही शौकीन भिंग घेऊन तो 'एफ' शोधतात. माझ्या गाडीत असला शोध घेतला तर ट्रॅक्टरचे, टेम्पोचे आणि बहुधा पिठाच्या गिरणीचेही बोल्ट सापडतील.

पण या वंशाचा एक गुण गरिबाच्या फार कामाचा आहे: जीपला वळणं नाहीत. आजकालच्या मोटारीचा दरवाजा चेपला तर कंपनीकडे जावं लागतं, कारण तो आकार कंपनीच्या साच्यालाच ठाऊक. जीप म्हणजे सरळ पत्रा आणि काटकोन. तिची पुढची काचही सपाट, त्यामुळे काचवाला मापाने लॅमिनेटेड काच कापून देतो. मागच्या बाजूचा पत्रा मी धान्याच्या कोठ्या बनवणाऱ्याकडून वाकवून घेतला. अठरा गेजचा, म्हणजे साधारण सव्वा मिलिमीटरचा. त्याने काम चोख केलं. फक्त शेवटी सवयीने विचारलं, "कडी-कोयंडा लावू?"

गंज हा शत्रू समोरून येत नाही. पावसाळ्यात बुटांना लागून आलेला चिखल मॅटखाली बसतो, दोन पत्र्यांच्या सांध्यात पाणी शिरतं, ते महिनोन्‌महिने वाळत नाही, आणि तिथे काम सुरू होतं. वरून रंग चकचकीत. आपल्याला पहिली बातमी लागते ती रंगाला आलेल्या बारीक फोडाची. गंजाला मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा लागते, म्हणून तो आतून रंग उचलतो, सांधे फाकवतो. फोड नखाने उचकटावा तर खाली भोक, आणि भोकातून रस्ता दिसतो. मी एकदा ड्रायव्हरच्या जागी बसून पायांखालचं गवत बघत होतो. हवेशीर होतं.

दिल्लीला मेहरौलीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं ऊनपावसात उभा आहे. जाणकार सांगतात, त्याच्या लोखंडात फॉस्फरस भरपूर आहे आणि त्यामुळे त्याच्यावर एक राखणारा थर धरतो. माझ्या जीपमध्ये भरपूर होती ती लांबी.

कोल्हापुरात असल्या कामाला उद्यमनगराशिवाय गती नाही. तिथे एका गल्लीत लेथ, दुसरीत ओतकाम, तिसरीत वेल्डिंग. जगात न मिळणारा भाग तिथे संध्याकाळपर्यंत करून मिळतो, फक्त संध्याकाळ कुठल्या दिवशीची ते विचारायचं नसतं. माझे मिस्त्री तिथलेच. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली, स्क्रू ड्रायव्हर जिथे तिथे खुपसून बघितला आणि मी किती रक्कम घेऊन आलोय ते विचारलं. आकडा ऐकून ते हसले नाहीत, हा त्यांचा मोठेपणा. मग त्यांनी खर्चाचा क्रम सांगितला, "मरायची कामं आधी. भिजायची मागनं. लाजायची सगळ्यात शेवटी."

मरायची कामं म्हणजे ब्रेक, स्टिअरिंग, चॅसी. भिजायची म्हणजे हूड, काचेचं रबर, फरशीची भोकं. लाजायची म्हणजे रंग, सीट कव्हर आणि मी मनोमन बोनेटसाठी हेरून ठेवलेली पांढरी अक्षरं. एखाद्या सरकारी अर्थसंकल्पालाही इतकी स्वच्छ मांडणी साधत नाही. तिच्यात तोटा एकच: सगळे पैसे जिथे जातात तिथे कोणाची नजर जात नाही. चारही ड्रम उघडले, ब्रेकचे पाइप बदलले, किंगपिनची बेअरिंगं घातली, चॅसीला पाट्यांच्या हँगरजवळ चिरलेल्या जागी पट्टी मारली. पाकीट रिकामं झालं आणि गाडी होती तशीच दिसत राहिली. शेजारचे काका रोज संध्याकाळी येऊन विचारत, "कधी सुरू करणार म्हणे काम?"

पैसे संपल्यावर डोकं चालतं. रसायनांच्या दुकानातले गंज काढायचे डबे परवडेनात, तेव्हा मी काकवीकडे वळलो. ही थट्टा नाही. उसाची मळी किंवा काकवी दहापट पाण्यात कालवून गंजलेला भाग तिच्यात बुडवून ठेवला, की तिच्यातले घटक गंजाला धरून हळूहळू पाण्यात उतरवतात आणि खालच्या चांगल्या लोखंडाला फारसा धक्का लावत नाहीत. वेळ लागतो, आठवडा-दोन आठवडे. अॅल्युमिनियमचं काही मात्र टाकायचं नाही, ते खाऊन टाकते. मळी कारखान्यातून अशी सुटी मिळत नाही; तिची दारू होते म्हणून उत्पादन शुल्क खात्याचा तिच्यावर पहारा. गुऱ्हाळावरच्या आंबलेल्या काकवीवर पहारा नव्हता.

परसात निळं प्लॅस्टिकचं पिंप मांडलं आणि त्यात बिजागऱ्या, ब्रॅकेटं, नटबोल्ट सोडले. चारेक दिवसांत वर फेस धरला आणि वास गल्लीच्या तोंडापर्यंत गेला. ब्रेकच्या कामात न दिसलेली प्रगती काकांना आता नाकाने कळली. ते हळूच जवळ येऊन, आवाज उतरवून म्हणाले, "हातभट्टी लावलीस व्हय?" मी झाकण उघडून बिजागरी वर काढून दाखवली. त्यांचा विश्वास बसला, पण चेहरा थोडा पडला. आईची तक्रार वेगळी होती: पोळीबरोबर खायची वस्तू नटबोल्टांना घातली. तिला मी बराच वेळ रसायनशास्त्र समजावलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि उरलेली काकवी चांगली की आंबलेली, एवढंच विचारलं.

बुडवता न येणाऱ्या भागांना हिरडा. हिरड्यात टॅनिन असतं, ते गंजाशी जुळलं की काळा, घट्ट थर बनतो. पूर्वी हिरडा आणि लोखंडापासून काळी शाई करत, तीच ही क्रिया. आयुर्वेदिक दुकानातून पूड आणली, काढा केला, तारेच्या ब्रशने घासलेल्या पत्र्यावर दोन हात मारले. पत्रा बघता बघता काळवंडला. वर रेड ऑक्साइड. मिस्त्रींनी बोट फिरवून पाहिलं आणि पोराला हाक मारली, "साहेबांनी गाडीचं पोट साफ केलंय रं!"

कागदांचं थोडक्यात सांगतो, कारण त्यात विनोद कमी आहे. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी आणि मग दर पाच वर्षांनी नव्याने करायची. एप्रिल २०२२ मध्ये मोटारीसाठी तिचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपयांवर गेलं, वर पर्यावरण कर. 'विंटेज' म्हणून मान मिळवावा तर २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडीला पन्नास वर्षं पूर्ण हवीत, नोंदणीला २०,००० रुपये हवेत, आणि एवढं करून ती रोजच्या वापराला रस्त्यावर काढायची नाही. तोवर आमची गाडी नुसतीच जुनी.

रंगाला पैसे उरले नाहीत. म्हणजे उरले होते, पण हूडच्या ताडपत्रीने ते खाल्ले. तेव्हा डावी बाजू रेड ऑक्साइडची विटकरी, उजवी सरकारी काळातली पांढरट, फाळका वीटभट्टीच्या मालकाने दिलेला पोपटी. मात्र ब्रेक दाबला की गाडी जागच्या जागी, सरळ रेषेत उभी राहते, आणि ते बघायला मी येणाऱ्या प्रत्येकाला गाडीत बसवून रस्त्यावर नेतो. काका एकदा आले. परतल्यावर कपाळ चोळत म्हणाले, "लागतात खरे."

परवा गारगोटीच्या रस्त्याला निघालो होतो. एका फाट्यावर माणसं उभी होती म्हणून वेग कमी केला, तर एक म्हातारी पिशवी आत टाकून मागे चढूनही बसली. माझ्या सगळ्या उद्योगाचं जगाने केलेलं मूल्यमापन एवढंच होतं: वडाप. तिने फरशीवर पाय आपटून पाहिले, खाली रस्ता दिसत नाही याची खात्री केली आणि म्हणाली, "मुदाळ तिट्ट्याला सोड." तिट्ट्यावर उतरून ती कनवटीचे पैसे सोडायला लागली. मी म्हटलं, "आजी, राहू दे, घरची गाडी आहे." तिने विटकरी बाजू पाहिली, पोपटी फाळका पाहिला, आणि नोट माझ्या हातात कोंबत म्हणाली, "असू दे. रंगाला व्हतील."