९९ सेकंदांच्या आधीचं काय?

मारामारीच्या व्हिडिओ गेमवर खऱ्या माणसांची मालिका काढायची ठरली, की निर्माते आधी पोशाख शिवायला टाकतात आणि नटांचे केस रंगवतात. मारामारीचा विचार शेवटी, तोही संगणकावर सोपवून. तिथेच घात होतो.

१९९१चा ‘स्ट्रीट फायटर २’ पुण्यातल्या बिबवेवाडीच्या ज्या पिढीने गेम पार्लरमध्ये सुट्टे पैसे संपेपर्यंत खेळला, तिला धल्सिम पक्का आठवतो. गळ्यात कवट्या, रबरासारखे ताणले जाणारे हातपाय, तोंडातून जाळ. त्या गेममध्ये भारताचा म्हणून तो एकटाच. १९९४च्या हॉलिवूडपटात तो रोशन सेठसारख्या तालेवार नटाला दिला आणि प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ म्हणून उभा केला. लढायचं नावच नाही! आता नव्या चित्रपटात धल्सिम विद्युत जामवालकडे आला आहे. लहानपणापासून कळरीपयट्टू या युद्धकलेत घडलेलं शरीर. ही निवड मला मनापासून आवडली.

गेमच्या घड्याळावर एका फेरीला ९९ सेकंद. दांडा खाली, तिरका, पुढे आणि त्याबरोबर एक ठोसा, की नायक र्‍यूच्या हातातून गोळा सुटतो. तो कुणाकडे शिकला, किती मार खाल्ला, हे कळायची गरजच नसते, कारण लढणारे आपणच असतो. मालिका बघताना आपले हात रिकामे असतात. मग त्या ९९ सेकंदांच्या आधीची वर्षं दाखवावी लागतात. ‘स्ट्रीट फायटर’वरच्याच २०१४च्या ‘असॅसिन्स फिस्ट’ या वेबमालिकेने नेमकं तेच केलं. दोन शिष्य, एक गुरू आणि भरपूर तालीम. दिग्दर्शक जोई अन्सा स्वतः मार्शल आर्ट जाणणारा, खलनायकही तोच झाला.

अशा तालमीसाठी आपल्याकडे तर दांडपट्टा आहे, २०२४ मध्ये राज्यशस्त्र म्हणून जाहीर झालेला. हात जवळपास कोपरापर्यंत लोखंडी मुठीत जातो. मनगट वळवता येत नाही, त्यामुळे सगळा जोर खांद्यातून आणि कमरेतून काढायचा. पातं लवचीक, पाय चुकला तर स्वतःलाच लागणार. ही कला आठवड्याभराच्या कार्यशाळेत अंगात मुरत नाही.

गेमही आपल्याकडे आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी’ काढला. धाकट्या भावाच्या शोधात निघालेली, त्रिशूळ घेऊन असुरांशी लढणारी मुलगी. उद्या कुणी त्यावर मालिका केलीच, तर नायिका जिममध्ये शोधू नका. शिवजयंतीला बिबवेवाडीत अप्परला या, सुखसागरनगरला या, मिरवणुकांमध्ये लाठी फिरवणाऱ्या मुली बघा. निवडलेल्या मुलीला चांगला वस्ताद द्या, सरावाच्या महिन्यांचेही पैसे द्या. आणि चित्रीकरणात कॅमेरा जरा लांब ठेवा. वार कुठून निघाला आणि कुठे बसला, हे मध्ये न कापता एका तुकड्यात दिसलं पाहिजे.