यंदा संघ बरा आहे म्हणतात

ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात आमच्या कॉलेजात दोन कागद फिरतात. एक पार्किंगच्या नव्या नियमांचा, दुसरा फुटबॉल संघाच्या यंदाच्या भवितव्याचा. पार्किंगचा खरा ठरतो. दुसऱ्याची भाषा पंचांगातल्या पर्जन्यविचारासारखी असते. पाऊस पडो न पडो, ती काही खोटी पडत नाही. ‘संघ तरुण आहे, तसाच अनुभवीही आहे.’ ‘बचावफळी वजनानं हलकी असली तरी चपळ आहे.’ ‘गेल्या वर्षीच्या अटीतटीच्या सामन्यांतून मुलं बरंच शिकली आहेत.’ गेल्या वर्षीच्या अटीतटीच्या सामन्यांपैकी एक आम्ही ५६-६ असा हरलो होतो. त्यातले सहा अटीतटीचे होते. शेवटी ‘हे पुनर्बांधणीचं वर्ष आहे’ असं एक वाक्य ठरलेलं. मी इथे आल्यापासून प्रत्येक वर्ष पुनर्बांधणीचंच आहे. तेवढ्या काळात पुण्यात मेट्रो सुरू झाली.

कॉलेज मिनेसोटात, मक्याच्या शेतांच्या मधोमध. विद्यार्थी दीड हजाराच्या आसपास, आणि मी त्यांना गणित शिकवतो. फुटबॉल म्हणजे अर्थातच अमेरिकन. कोल्हापूरच्या पेठांमध्ये ज्यावरून डोकी फुटतात तो नव्हे. इथे डोकी फुटणार हे गृहीत धरून आधीच हेल्मेट घालून उतरतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात तर आणखी चार प्रयत्न, नाहीतर चेंडू समोरच्याला. त्यामुळे तीन प्रयत्न वाया गेले की चौथ्यात चेंडूला लाथ मारून तो जमेल तितका लांब घालवायचा. आमच्या मुलांना यातलं लाथ मारणं उत्तम जमतं, कारण सरावच तेवढा आहे.

टीव्हीवर लाखभर लोकांसमोर खेळतात ती मोठी विद्यापीठं. आम्ही डिव्हिजन थ्री. इथला नियम असा की खेळासाठी म्हणून शिष्यवृत्ती द्यायची नाही. म्हणजे मुलगा फी भरतो आणि वर बरगड्याही मोडून घेतो. माझ्या कॅल्क्युलसच्या वर्गात पहिल्या बाकावर असाच एक बसायचा. बसायचा म्हणजे, खुर्चीला जोडलेली ती लिहायची फळी त्याच्या पोटापाशी अडायची, म्हणून तो कायम अर्धा बाहेर. उजव्या हाताची दोन बोटं पांढऱ्या पट्टीनं एकमेकांना बांधलेली, त्या जोडबोटांत पेन्सिल, आणि कोपरावर हिरवळीचा ओरखडा. इंटिग्रलची खूण मात्र अशी नाजूक काढायचा की रांगोळी घालतोय असं वाटावं. एकदा गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, “प्रोफेसर, सोमवारची परीक्षा बुधवारी घ्याल का? शनिवारी आम्ही हरणार आहोत, रविवारी फार दुखतं.” इतका प्रामाणिक अर्ज मला आजवर दुसऱ्या कुणी केलेला नाही. परीक्षा मी बुधवारी घेतली. त्याचं दुखणं मात्र गुरुवारपर्यंत टिकलं, कारण पेपर अवघड होता.

याच संघात लाँग स्नॅपर नावाचा एक गडी असतो. लाथ मारायची वेळ आली की हा मैदानात येतो, ओणवा होतो आणि दोन पायांमधून चेंडू पंधराएक यार्ड मागे उभ्या असलेल्याच्या हातात अचूक फेकतो. झालं काम. परत बाहेर. आमच्या लाँग स्नॅपरची आई गेल्या वर्षी विस्कॉन्सिनमधून चार तास गाडी हाकत यायची. लेक ओणवा झाला की ही उठून उभी. इतर आया संघ पुढे सरकावा म्हणून देव पाण्यात घालून बसायच्या. हिचं गणित उलटं. संघ जितका अडकेल तितका हिचा मुलगा जास्त वेळा मैदानात. एका शनिवारी तो अकरा वेळा आला आणि बाईंचे डोळे आनंदानं भरून आले. आमच्या खेळाचा निखळ फायदा झालेली त्या अख्ख्या स्टेडियमात ती एकटीच असावी.

आमच्या घरी सामन्याचा अहवाल दारातच होतो.

“अहो, आज किती मारले?”

“मारले नाहीत गं, खाल्ले.”

“मग आता जेवणार आहात का?”

मी जेवतो. हरल्यावर भूक चांगली लागते.

तर मुद्दा हरण्याच्या आठवणींचा. स्टेडियममध्ये माझ्या शेजारी एक निवृत्त दंतवैद्य बसतात. सत्तरच्या दशकात ते याच मैदानावर खेळले. त्यांच्या काळात एका वर्षी संघानं एकही सामना गमावला नव्हता. व्यायामशाळेत त्याची ढाल आहे, तिच्यामागे कोळ्यानं घर केलंय. त्या वर्षाबद्दल विचारलं तर “हो, बरं खेळलो” एवढंच म्हणून थर्मास उघडतात. पण पुढच्या वर्षी सगळे सामने हरलो, हे निघालं की डॉक्टर खुलतात. गारांच्या पावसातली ती लढत, पाहुण्यांच्या गुणांसाठी दोनच आकड्यांची जागा असलेला जुना फलक, आणि फलक भरल्यावर खाली उतरून कॉफी प्यायला गेलेला फलकवाला. त्या दिवशी नक्की किती खाल्ले याची म्हणे नोंदच नाही. दरवर्षी तो आकडा थोडा वाढतो.

मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. फेब्रुवारी १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी उदगीरला निजामाला धूळ चारली. पुढच्या वर्षी, १४ जानेवारी १७६१ ला, पानिपत. सेनापती तोच, मध्ये अकरा महिने. पण उदगीरवर कादंबरी कुणी मागितली आहे? पानिपतावर मात्र पोवाडे, बखरी, नाटकं, सिनेमे, आणि लग्नाच्या पंगतीत ‘भाऊंनी आधी दक्षिणेकडे सरकायला हवं होतं’ सांगणारा एक तरी काका. मी या गावात आलो तेव्हा मला ना मका कळत होता ना फुटबॉल, पण डॉक्टरांशेजारी पहिल्याच शनिवारी मला माहेरी आल्यासारखं वाटलं.

हार जपण्याच्या बाबतीत अमेरिकेतली छोटी कॉलेजं आपल्यापेक्षा तसूभर कमी नाहीत. आमच्याच राज्यात, सेंट पॉलमध्ये, मॅकॅलेस्टर कॉलेज आहे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान तिथे शिकले. हे कॉलेज १९७४ ते १९८० या काळात सलग ५० सामने हरलं. मग १९८० च्या सप्टेंबरात अगदी शेवटच्या क्षणी मारलेल्या एका किकनं तीन गुणांनी जिंकलं. त्या तीन गुणांना किंमत कशामुळे आली, तर मागच्या पन्नासांमुळे. त्याआधी पन्नास सामने जिंकून एक्कावन्नावा असाच जिंकला असता तर तो बातमीच्या तळाशी गेला असता.

पण या सगळ्यांचं पानिपत एकच. ७ ऑक्टोबर १९१६, अटलांटा. टेनेसीतल्या कंबरलँड कॉलेजनं खरं तर फुटबॉल बंदच केला होता. जॉर्जिया टेकशी सामना मात्र आधी ठरलेला, आणि गेलो नाही तर ३,००० डॉलर भरावे लागतील अशी तंबी. मग वसतिगृहातली मिळतील ती पोरं गोळा करून रेल्वेत बसवली. निकाल २२२-०. मध्यंतरालाच १२६ झाले होते. गंमत म्हणजे त्या दिवशी दोन्ही संघांपैकी कुणालाही चार प्रयत्नांत दहा यार्ड सरकून पुन्हा चार प्रयत्न मिळवण्याची वेळच आली नाही: कंबरलँडला जमलं नाही, आणि टेकवाले चेंडू हातात आला की थेट गोलरेषेपलीकडेच. टेकचे प्रशिक्षक जॉन हाइझमन. देशातल्या सर्वोत्तम कॉलेज फुटबॉलपटूला आज त्यांच्याच नावाचा चषक देतात. कंबरलँडच्या नावाचा चषक नाही. पण ३,००० डॉलर वाचवले, हा हिशेब मला अगदी सदाशिव पेठी वाटतो.

न हरण्याचेही मार्ग आहेत. पेनसिल्व्हेनियातल्या हॅवरफर्डनं फुटबॉल बंद केला आणि टी-शर्ट छापले: ‘१९७२ पासून अपराजित’. त्याहून सोपा मार्ग १९४१ मध्ये न्यूयॉर्कच्या मॉरिस न्यूबर्गर नावाच्या शेअर दलालानं काढला. प्लेनफील्ड टीचर्स कॉलेज हे जगात नसलेलं कॉलेज त्यानं निर्माण केलं आणि दर आठवड्याला वर्तमानपत्रांना फोन करून त्याच्या विजयांचे निकाल देऊ लागला. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नंही छापले. संघाचा हुकमी एक्का जॉनी चंग, तोही काल्पनिक. बिंग फुटायची वेळ आली तेव्हा न्यूबर्गरनं शेवटचं पत्रक काढलं: चंग आणि इतर काही खेळाडू परीक्षेत नापास झाल्यामुळे उरलेले सामने रद्द. मास्तर म्हणून मला या पत्रकाचं फार कौतुक आहे. काल्पनिक कॉलेजातसुद्धा पेपर तपासणारा कुणीतरी कडक निघाला.

माझा स्वतःचा लाडका सामना मात्र नॉर्थफील्डचा. ‘गाई, कॉलेजं आणि समाधान’ असं ब्रीदवाक्य असलेलं हे मिनेसोटातलं गाव, आणि त्यात कार्लटन नि सेंट ओलाफ ही दोन कॉलेजं. १९७५ मध्ये अमेरिकेनं मेट्रिक पद्धतीकडे जायचा कायदा केला होता. तेव्हा कार्लटनच्या रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाला वाटलं, सुरुवात फुटबॉलपासून करावी. १९७७ च्या सप्टेंबरात मैदान १०० मीटर लांब आणि ५० मीटर रुंद आखलं, खेळाडूंच्या उंच्या सेंटिमीटरमध्ये आणि वजनं किलोत छापली, आणि सामन्याला नाव दिलं ‘लिटर बोल’. प्राध्यापकाच्या कॉलेजनं ४३-० असा मार खाल्ला. देशानं मेट्रिकचा नाद सोडला तो बहुधा या सामन्यामुळे नसेल, पण मदत नक्कीच झाली नाही. आपल्याकडे १९५६ च्या कायद्यानं शेर-छटाक गेले ते कायमचे. फुटबॉल मध्ये आणला नाही हे शहाणपण.

जिंकणाऱ्यांचं काय होतं तेही जवळच पाहायला मिळतं. याच राज्यातल्या सेंट जॉन्सचे प्रशिक्षक जॉन गॅग्लिआर्डी २०१२ मध्ये निवृत्त झाले ते ४८९ विजय नावावर घेऊन. कॉलेज फुटबॉलमध्ये तेवढे कुणाचेच नाहीत. सरावात एकमेकांना आडवं पाडायला बंदी, शिट्टी नाही, आणि मुलांनी ‘कोच’ न म्हणता ‘जॉन’ म्हणायचं. माणूस मोठाच. पण त्यातला एखादा विजय सांगा म्हटलं तर आमचे डॉक्टर आकडाच पुन्हा सांगतात.

आमच्याकडे गेल्या वर्षी ढालवाल्या संघाचं स्नेहसंमेलन ठरलं होतं. पुरेशी नावं आली नाहीत, रद्द झालं. सगळे सामने हरलेल्या संघाचं जेवण यंदा होमकमिंगला, म्हणजे माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याला, आहे आणि दालन मोठं घ्यावं लागलंय. एक गृहस्थ अलास्काहून येणार आहेत. ते त्या वर्षी दोनच सामने खेळले होते, पण उरलेले हरताना बाकावर होते असा त्यांचा आग्रह आहे.

आणि अशातच यंदाचं पत्रक आलं. मी दोनदा वाचलं. ‘पुनर्बांधणी’ कुठेच नाही. क्वार्टरबॅक चौथ्या वर्षाचा, हात तोफेसारखा; दोन्ही बाजूंच्या फळ्या जवळपास गेल्या वर्षीच्याच; आणि माझा तो पहिल्या बाकावरचा, आता कप्तान. विस्कॉन्सिनच्या बाईंना कळवलंय की मुलाला यंदा कमी वेळा ओणवं व्हावं लागेल. ‘अरेरे’ असं उत्तर आलं. मी डॉक्टरांना फोन लावला. त्यांनीही वाचलं होतं. बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, “किकर नवा आहे, पाहिलंस? पहिल्या वर्षाचा. तत्त्वज्ञान घेतलंय. सरावात म्हणे चेंडूसमोर उभा राहून विचारच करत बसतो.”

“किती वेळ?”

“पुरेसा,” डॉक्टर म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात हळूहळू जीव आला.