बयाना घेतला का गुरुजींनी?

गुरुजी दुसरं पुस्तक काढताहेत, ही बातमी ब्रह्मपुरीत सगळ्यांत आधी मला कळायला हवी होती. गल्लीच्या तोंडाशी डीटीपीचं दुकान माझं. लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडईच्या, म्हणजे आमच्याकडच्या दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकांची तिकिटं, सगळं तिथूनच जातं. पण बातमी आली कुंपणावरून, कारल्याच्या वेलाआडून, आणि आली ती तक्रार होऊनच.

"समजाव ना वो तुया गुरुजीले," काकू म्हणाल्या. नवरा त्यांचा, पण त्यानं काही खूळ डोक्यात घेतलं की तो 'तुये गुरुजी' होतो. "पयल्याच पुस्तकाचे खोके दिवानाखाली पडून हायेत. आता दुसरं म्हनते. धानाचे पोते कोटी ठेवू मी?"

खोकी मी पाहिली आहेत. वाळवी लागू नये म्हणून काकूंनी खाली विटा लावल्यात. वरच्या खोक्याची चिकटपट्टी सुटलेली, आतल्या प्रत्येक प्रतीत शुद्धिपत्राची चिठ्ठी, आणि त्या चिठ्ठीतही एक चूक. काव्यसंग्रह आहे. धानोऱ्यापासून एटापल्लीपर्यंतच्या बदल्यांत गुरुजींनी लिहिलेल्या कविता. निवृत्तीनंतर एका प्रकाशकानं 'कविता फार आवडल्या' असं कळवून खालीच खर्चाचा आकडा लिहिला. तो आकडा गुरुजींना आवडला असावा, कारण फंडातून काढून दिला. छापल्या हजार प्रती. कमी छापल्या तर प्रत महाग पडते, हे खरंच आहे. पण महाग पडून विकलेली प्रत स्वस्त पडून पडीक राहिलेल्या प्रतीपेक्षा बरी, हे त्यांना कुणी सांगितलं नाही.

मग सभागृह, शाल, श्रीफळ, तीन भाषणं. त्यानंतर 'सप्रेम भेट' सुरू झाली. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे मराठी पुस्तकाचं सगळ्यांत मोठं गिऱ्हाईक हेच. डॉक्टरांना भेट, तहसीलदारांना भेट, व्याह्यांना दोन, बँकेच्या मॅनेजरला एक (तो तमिळ होता). भेट घेणारा पुस्तक कपाळाला लावतो आणि चहा पिऊन जातो.

"त्या प्रकाशकानं आयएसबीएनचे पैसे वेगळे लावले होते ना?" मी विचारलं.

"लावले ना. का असते वो थे?"

"पुस्तकाचा नंबर. दिल्लीला राजा राममोहन राय यांच्या नावाची सरकारी संस्था आहे, ती फुकट देते. लेखकालाही देते. ऑनलाइन अर्ज भरावा लागतो फक्त."

"अर्ज भराचे पैसे? गल्लीतल्या बायांचे लाडक्या बहिनीचे अर्ज मीनंच भरले ना घरी बसून! मले सांगते त त्याचाबी भरला असता."

यात अतिशयोक्ती नाही. काकू भरतील.

आता काकूंचा राग पुस्तकावर नाही, खोक्यांवर आहे, आणि त्यातही घरात एक उदाहरण हाताशी आहे म्हणून जास्त. त्यांचा भाचा वैनगंगेपलीकडे वडशात नाटकं लिहितो. कागदावर गावाचं नाव देसाईगंज, पण तसं म्हणणारा माणूस मी अजून पाहिला नाही. तिथे गेलं की ओळीनं नाटक कंपन्यांची ऑफिसं, दाराबाहेर या हंगामाची भडक पोस्टरं, आणि आत वही घेऊन बसलेला माणूस. भाऊबीजेपासून होळीपर्यंत झाडीपट्टीत रात्री नाटक असतं. धान निघालेल्या बांधीत शामियाना पडतो, दहाला घंटा होते म्हणतात ती अकराला होते, आणि माणसं उठतात ती उजाडल्यावर. लेकी-जावई, व्याही-विहिणी मुक्कामाला येतात. नाटकाच्या निमित्तानं सोयरिकी जमतात. शंकरपट, म्हणजे बैलांची शर्यत, असेल तर गर्दी दुप्पट. सर्वोच्च न्यायालयानं २०१४ साली पट बंद केला तेव्हा आम्हाला वाटलं, आता नाटकाचंही अवघड आहे. पण मंडई होती, बाजार होता, नाटक चाललं. २०२१ च्या डिसेंबरात पट पुन्हा सुरू झाला तेव्हा माझ्या दुकानात तिकिटांचं काम आवरेना.

"त्याले पाय," काकू म्हणाल्या. "त्याच्या घरी एक खोका नाई. लिवते, आन पैसे येते."

"येतात, कारण तो आधी लिहीत नाही काकू. आधी बयाना घेतो."

गंमत इथेच आहे, आणि तीच मला गुरुजींना सांगायची आहे. गावचं मंडळ वडशाला जातं, पोस्टर पाहतं, नट कोण, गाणी कोणाची, रडायला आहे का, हसायला आहे का, हे विचारतं, तारीख पक्की करतं आणि बयाना टेकवून येतं. त्यानंतर कंपनीचं नाटक उभं राहतं. प्रेक्षक कोण, किती, कोणत्या गावचा, कोणत्या रात्री बसणार, हे पडदा उघडण्याच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. नवरगावचे सदानंद बोरकर घ्या. स्वतः लिहितात, स्वतः बसवतात, स्वतः उभे राहतात. त्यांचं 'आत्महत्या' या भागात ज्यानं पाहिलं नाही असा माणूस शोधावा लागेल. हे स्वतःचं पुस्तक स्वतः काढण्यासारखंच आहे, फक्त छापखान्याच्या जागी शामियाना. परशुराम खुणे कुरखेड्याकडच्या गुरनोलीचे, आयुष्यभर लोकांना हसवलं, २०२३ साली पद्मश्री मिळाली. पुण्या-मुंबईनं 'हे कोण?' असं विचारलं, तेव्हा आमच्याकडच्या म्हाताऱ्या म्हणाल्या, उशीरच केला.

पण भाच्याचंही सगळं गोड नाही, आणि ते काकूंना माहीत आहे. फक्त त्या ते मला सांगतात, गुरुजींना नाही. हंगाम संपला की तो शेतीवर. पावसाळ्यात रोवणी, मग पुढच्या वर्षाची संहिता. मंडळाला सासू छळणारी हवी असेल तर सासू छळणारीच द्यावी लागते. गेल्या वर्षी त्याला एक शांत शेवट सुचला होता, कंपनीनं तो काढून एक खून घातला. २०२० ला करोनानं शामियाने उठवले तेव्हा त्याच्या हातात धान सोडून काही नव्हतं. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे त्याचं एकही नाटक छापलेलं नाही. वह्या आहेत, झेरॉक्स आहेत, एक तर कंपनीच्या पेटीत अडकून राहिली. गुरुजींचं छापलंय पण खपलं नाही, भाच्याचं खपलंय पण छापलं नाही. या दोघांना एका बाजेवर बसवलं तर काम होईल, असं मी म्हटलं, तर काकू म्हणाल्या, "बसवले ना दिवाळीले. दोघंबी राजकारनावर बोलले."

मी मग काकूंना ज्ञानकोशकार केतकरांची गोष्ट सांगितली. त्यांना नाव माहीत नव्हतं, पण नागपूर म्हटल्यावर कान टवकारले. श्रीधर व्यंकटेश केतकर अमेरिकेतून पीएचडी होऊन आले आणि मराठीत ज्ञानकोश काढायचा म्हणाले. पैसा कुठे होता? नागपुरात ज्ञानकोश मंडळाची कंपनी काढली, भाग विकले, आणि खंड निघण्याआधी गावोगाव वर्गणीदार गोळा केले. २३ खंड झाले. त्या खटाटोपाचा हिशेबच त्यांनी पुढे 'माझे बारा वर्षांचे काम' नावानं लिहून ठेवला. कर्जं, भांडणं, बिलं, सगळं. साहित्यिक माणूस वसुलीची भाषा इतक्या मोकळेपणानं बोलताना मी दुसरीकडे वाचला नाही. आपले गुरुजी मात्र 'पुस्तकाचे पैसे कसे मागू' म्हणून लाजतात. बयाना घेताना वडशातला माणूस लाजतो का?

"आन दुकानात ठेवाले दिले होते ना काई?" काकू म्हणाल्या.

दिले होते. विक्रेत्याला चाळीस-पन्नास टक्के सोडावे लागतात. समजा किंमत दोनशे. हातात शंभर-एकशेवीस, त्यातून कागद, छपाई, बाइंडिंग आणि नागपूरला जायचं एसटीचं भाडं काढा. तेही विकल्यावर. न विकलेलं पुस्तक परत आणायचं भाडंही आपलंच. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावच्या लोकांना हे चांगलं कळेल. बांबू त्यांच्या जंगलातला, २००९ साली सामूहिक वनहक्कही मिळाला, पण वाहतूक पास वनखात्याच्या हातात म्हणून विकता येईना. २०११ च्या एप्रिलात पास ग्रामसभेच्या हातात आला तेव्हा कुठे बांबूचा पैसा गावात आला. माल आपला असून भागत नाही, गावाबाहेर न्यायची वाट आपली पाहिजे. (आणि ज्या बांबूचा कागद बल्लारपुरात होतो, तोच कागद पुण्याहून कवितासंग्रह होऊन आमच्या दिवाणाखाली येतो, हा भाग वेगळा.)

वाट आता थोडी सोपी झाली आहे, हे कबूल करायला हवं. पोस्टानं २०२४ च्या शेवटी नोंदणीकृत बुकपोस्ट बंद केलं तेव्हा आमच्यासारखे सगळे चिडले होते. मग २०२५ च्या १ मेपासून 'ज्ञान पोस्ट' आलं. तीनशे ग्रॅमपर्यंत वीस रुपये आणि वर कर, पाच किलोला शंभर. दीडशे पानांचं पुस्तक वीसच्या पट्टीत बसतं. छपाईही आता शंभर-दोनशे प्रतींची होते. दर थोडा जास्त, पण खोकं एकच. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाचं नवलेखक अनुदान असतं, ते मात्र पहिल्याच पुस्तकाला. गुरुजींची ती गाडी गेली. आणि १९५४ च्या कायद्यानं प्रकाशकाला एक प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवावी लागते, मुंबई-चेन्नई-दिल्लीच्या ग्रंथालयांना एकेक. हे ऐकून काकू थांबल्या.

"म्हंजे चार आनखी फुकट?"

"पण तिथे जपून ठेवतात. वाळवीही नाही."

"मंग सारेच धाडून दे ना तिकडे."

दुसऱ्या पुस्तकात कविता नाहीत, हे मला नंतर कळलं, आणि मी जरा सावरून बसले. गुरुजी या वेळी गद्य लिहिताहेत. माडिया पोरांना मराठी शिकवताना ती पोरं गुरुजींना काय शिकवून गेली ते, आणि मधे मधे झाडीबोलीतल्या गोष्टी, म्हणी, शेतीचे, जेवणाचे, भांडणाचे शब्द. साकोलीचे हरिश्चंद्र बोरकर आयुष्यभर सांगत आले की झाडीबोली ही गावंढळ मराठी नव्हे, तिला स्वतःचं व्याकरण आहे. त्यांनी मंडळ उभं केलं, संमेलनं भरवली. त्या संमेलनांना जाणारी माणसं हे पुस्तक विकत घेतील. शिक्षक घेतील, डीएडची पोरं घेतील. चंद्रपुरात दोनदा अखिल भारतीय साहित्य संमेलन झालं, १९७९ ला वामनराव चोरघडे अध्यक्ष आणि २०१२ ला वसंत आबाजी डहाके, आणि २०१२ ला मी पुस्तकांच्या गाळ्यांवर फिरले होते. लोक विचारत होते, 'आमच्या इकडचं काही आहे का?' कवितासंग्रहाबद्दल असं विचारताना मी कुणाला ऐकलं नाही. कवींनी राग मानू नये. माझ्या दुकानात तेच जास्त येतात.

तर बेत असा ठरला, कुंपणावरच. गुरुजींनी छापायच्या आधी दोन-तीन प्रकरणं मंडईत, शाळेत, ग्रंथालयात वाचून दाखवायची. मी पावतीपुस्तक छापून देणार, वर लाल अक्षरात 'आगाऊ नोंदणी'. शंभर पावत्या फाटल्याशिवाय छपाईला फाइल जाणार नाही. पेन्शन चालू आहे, तिला हात लावायचा नाही. पुस्तकानं स्वतःचा खर्च काढला की तिसरं. नाही काढला तर गुरुजींनी वर्षभर गप्प बसायचं. सप्रेम भेट बंद, व्याह्यांनाही.

"आन त्या पुस्तकातले शब्द कोनाचे हायेत, ठाव हाये का तुले?" काकू म्हणाल्या. "रोज मले विचारते. 'याले का म्हनते, त्याले का म्हनते.' अर्धे शब्द माये हायेत."

"मग तुमचं नाव यादीत पहिलं घालते. दोनशे रुपये."

"नाव घाल. पैसे नाई देत मी. माया शब्दाचे कापून घे."

"शब्दांचे कापता येत नाहीत काकू, बयाना रोख लागतो."

"मंग पेन्शनवाल्याकडून घे," म्हणून काकूंनी आत हाक मारली, आणि गुरुजी चष्मा कपाळावर चढवत विचारत आले, कशाचे पैसे?