गिदोनाची लोकर आणि माझा मफलर

आमच्या घरात देवाला विचारल्याशिवाय काही ठरत नाही. फ्रिज, जावई, दाढेचं रूट कॅनॉल, सगळं आधी प्रार्थनेत. फरक इतकाच, की बायको प्रार्थना करते आणि चौकशीला बाहेर पडते. मी आधी मनात ठरवतो आणि मग फाइल सहीसाठी वर पाठवतो.

2019च्या मे महिन्यात बँकेचं पत्र आलं. बढती, आणि बदली सांगलीला. नकार असल्यास पंधरा दिवसांत लेखी कळवावा. मी पडलो साताऱ्याचा. सातारा हे पेन्शनरांचं गाव. इथला माणूस नोकरीला लागतो तोच पेन्शनीची पूर्वतयारी म्हणून. बायको मिरजेची, त्यामुळे पत्र वाचताना तिच्या चेहऱ्यावर माहेर दिसायला लागलं. मी गंभीर आवाजात म्हणालो, "प्रभूची इच्छा काय आहे ते बघू." तिनं माझ्याकडे बघितलं आणि कणीक मळायला घेतली.

शास्ते पुस्तकातला गिदोन आठवा. लढाईला जावं की नाही म्हणून त्यानं खळ्यात लोकर ठेवली. लोकर तेवढी दहिवरानं भिजावी आणि भुई कोरडी राहावी, अशी खूण मागितली, ती मिळाली. दुसऱ्या रात्री उलट मागितली, तीही मिळाली. आमच्याकडे खळं नाही, गच्ची आहे. लोकर म्हणून महाबळेश्वरला घेतलेला मफलर. तो निम्मा ॲक्रिलिक निघाला हे नंतर कळलं, पण हेतू शुद्ध होता. मफलर ओला, गच्ची कोरडी, तर साताऱ्यातच राहायचं, असं मी देवाशी ठरवलं. आता तो मफलर टाकीच्या गळक्या नळाखालीच का ठेवला, असं कोणी विचारील. अंधार होता.

त्या रात्री वळीव आला. असा आला, की मफलर, गच्ची, शेजारच्यांच्या कुरडया, सगळं एकजात भिजलं. सकाळी मी मफलर पिळत असताना शेजारचे काका कठड्यावरून म्हणाले, "आमच्यात गुरव देवाला कौल लावतो. तुमच्यात मफलर लावतात होय?"

मग मी वचनाकडे वळलो. डोळे मिटायचे, बायबल उघडायचं, बोट ठेवायचं. यात तांत्रिक अडचण अशी, की बायबल मधोमध उघडलं की स्तोत्रसंहिताच निघते, आणि तिथं दिलासा भरपूर असला तरी बदलीविषयी स्पष्ट आदेश नाही. थोडं अलीकडे उघडलं तर पहिला इतिहास. पहिले नऊ अध्याय नुसत्या वंशावळ्या. आणखी अलीकडे अनुवाद, त्यात खाऊ नयेत अशा पक्ष्यांची यादी. मी घुबड खाणार नव्हतोच. एकदा बोट योनावर पडलं. देवानं निनवेला जा म्हटलं आणि हा गडी उलट दिशेच्या जहाजात चढला, तो योना. ते पान मी लगबगीनं उलटलं. सरावाचं होतं ते, धरायचं नाही.

सासूबाईंचा फोन आला. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली मिरजेत सुरू केलेल्या मिशन हॉस्पिटलात त्यांची सारी नोकरी गेली. त्या म्हणाल्या, "जावईबापू, प्रार्थना करून सुरी हातात घ्यायची असते. प्रार्थना चालू आहे म्हणून पेशंटला टेबलावर ताटकळत ठेवायचं नसतं."

मी त्यांना टिळकांचा दाखला दिला. याच साताऱ्यात 1917 साली रेव्हरंड ना. वा. टिळकांनी मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' मांडला. खिशात काही नाही, भरवसा तेवढा पूर्ण. टिळकांच्या त्या भरवशावर मी लहानपणापासून प्रवचनं ऐकत आलोय. मात्र लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' वाचली की वाटतं, टिळक देवावर भार टाकून मोकळे व्हायचे आणि घरात काय आहे, काय संपलंय, हे बघायला लक्ष्मीबाई असायच्या. त्यांच्या त्या बघण्यावर मी अजून एकही प्रवचन ऐकलेलं नाही. हे सासूबाईंना सांगितलं नाही. त्यांनी लेकीला सांगितलं असतं.

खुणेची वाट बघता बघता पंधरा दिवस उलटले. नकार आला नाही म्हणजे होकार, असं बँकेनं धरलं. देवाची इच्छा मला अखेर जावक क्रमांकासकट मिळाली.

सांगलीत घर शोधताना बायको म्हणाली, "विश्रामबागेत बघू." मला गावभागातलं एक घर आवडलं. कृष्णेचा घाट चालत पाच मिनिटांवर, भाडं कमी. उंबऱ्यात पाऊल ठेवताच मनाला शांती वाटली, आणि मनाची शांती हीच खरी खूण, असं कितीतरी उपदेशांत ऐकलं होतं. पुढच्या खोलीच्या भिंतीवर, माझ्या डोक्याच्याही वर, एक आडवी तांबडी रेघ होती. बायको म्हणाली, "अहो, ही रेघ कसली?"

मी म्हणालो, "रंग उरला असेल."

घरमालक छताकडे बघत होते. 2005च्या पुरात पाणी कुठवर आलं होतं, त्याची ती खूण.

ऑगस्ट उजाडला. आयर्विन पुलाजवळ पंचेचाळीस फुटांना धोक्याची पातळी. पाणी 57 फुटांच्या वर गेलं. सांगलीनं त्या आठवड्यात जे भोगलं त्यावर विनोद करायची माझी छाती नाही. आमचं निभावलं, कारण पाणी चाळिशी ओलांडण्याआधीच बायकोनं कागदपत्रं, गॅसची शेगडी आणि मला उचलून मिरजेला नेलं होतं. मी "प्रार्थना करून ठरवू" असं म्हणत होतो, ते रिक्षात बसल्यावर पूर्ण केलं.

पाणी ओसरल्यावर घर बघायला गेलो. चिखल, फुगलेलं दार, आणि ती तांबडी रेघ आता नव्या ओलीच्या खाली बुडालेली. बायको बराच वेळ भिंतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "बेलशस्सर राजाला भिंतीवरचं वाचायला दानीएल शोधून आणावा लागला. तुमच्या तर शेजारीच उभी होते मी."

आता आम्ही विश्रामबागेत राहतो. घर तिनं बघितलं, प्रार्थना मी केली.

तिथल्या मंडळीत पाळकसाहेबांनी मला साक्ष द्यायला उभं केलं. विषय, 'देवाचं मार्गदर्शन'. मी सविस्तर बोललो. बदली, पूर, सुटका, सगळं यथास्थित सांगितलं. रेघ तेवढी वेळेअभावी राहिली. "आमेन" झालं, मी बसलो. तेवढ्यात बायकांच्या बाजूला बाक करकरला. ती उभी राहिली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "माझीही थोडी साक्ष आहे." साऱ्या बायका सावरून बसल्या.